हर्ट्झ, तुटणारे वायफाय आणि निदानाची रीत

वायफायच्या राउटरवर किंवा त्याच्या सेटिंगमध्ये '२.४ गिगाहर्ट्झ' आणि '५ गिगाहर्ट्झ' असे दोन आकडे दिसतात. यातले 'हर्ट्झ' हे एका माणसाचे आडनाव आहे. वायफाय सारखे तुटू लागले की आपण राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, इंटरनेटवाल्याला फोन लावतो आणि शेवटी नवा राउटर आणतो. भिंती, लोखंड आणि माणसाचे शरीर यांच्यापाशी या लहरींचे काय होते, हे हर्ट्झ यांनी १८८८ सालीच पाहून ठेवले होते. दोष शोधण्याची त्यांची रीत तर आम्हा डॉक्टरांनाही शिकण्यासारखी आहे.

हाइनरिश हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील वकील होते. मुलाला पुस्तकांइतकीच हत्यारांची आवड. सुतारकाम आणि लेथवरचे काम तो लहानपणीच शिकला. आधी इंजिनीअर व्हायचे ठरले होते. पण विसाव्या वर्षी म्युनिकला आल्यावर त्यांनी वडिलांना पत्र लिहून विज्ञानाकडे वळण्याची परवानगी मागितली. पुढे बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ हे गुरू लाभले. हेल्महोल्ट्झ मूळचे डॉक्टर. डोळ्याचा पडदा तपासण्याचे ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण त्यांचेच. १८८० मध्ये, तेविसाव्या वर्षी हर्ट्झ यांना डॉक्टरेट मिळाली.

मॅक्सवेल यांनी गणिताने असे मांडले होते की प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे आणि अशा लहरी हवेतून प्रवास करतात. प्रत्यक्ष पुरावा मात्र नव्हता. हेल्महोल्ट्झ यांनी या दिशेचा एक प्रश्न हर्ट्झ यांना सुचवला. हर्ट्झ यांनी हिशेब मांडला, हाताशी असलेल्या साधनांनी परिणाम दिसणार नाही असे ठरवले आणि काम बाजूला ठेवले. १८८५ मध्ये ते कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतील दोन वेटोळ्यांशी काम करताना एकीतून विजेचा झटका सोडला, की दुसरीतही ठिणगी पडते, हे त्यांच्या नजरेस आले. सोडून दिलेला प्रश्न त्यांनी पुन्हा हातात घेतला.

त्यांचे उपकरण साधेच होते. एका बाजूला मोठी ठिणगी पाडणारी तारांची जोडी आणि दुसऱ्या बाजूला, कशालाही न जोडलेले, किंचित फट ठेवलेले तारेचे कडे. लहर कड्यापर्यंत पोहोचली तर त्या फटीत इवलीशी ठिणगी दिसायची. कधी कधी ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी असे. त्यामुळे अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबून ती पाहावी लागे.

ही ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झ यांनी १८८७ मध्ये कड्याच्या फटीवर एक खोके ठेवले. ठिणगी स्पष्ट होण्याऐवजी आखूड झाली! इथे एखाद्याने खोके फेकून दिले असते. हर्ट्झ यांनी खोक्याचा एकेक भाग काढून पाहिला. दोन ठिणग्यांच्या मधे येणारी बाजूच काय ती परिणाम करते, असे निघाले. मग त्या जागी एकेक पदार्थ ठेवून पाहिला. काच आड आली की ठिणगी आखूड होई. क्वार्ट्झचा स्फटिक आड आला तर तशी होत नसे. काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ जाऊ देतो. म्हणजे मोठ्या ठिणगीतले अतिनील किरण छोट्या ठिणगीला मदत करत होते. हाच पुढे 'प्रकाशविद्युत परिणाम' म्हणून ओळखला गेला. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आणि त्यासाठीच त्यांना नोबेल मिळाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे, एवढीच ही रीत.

१८८८ मध्ये हर्ट्झ यांनी महाविद्यालयाचे व्याख्यानगृह प्रयोगासाठी घेतले. ते १५ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद होते. पण आतल्या लोखंडी खांबांच्या दोन रांगा लहरींच्या दृष्टीने भिंतीच ठरल्या आणि वापरण्याजोगी रुंदी साडेआठ मीटरच उरली. लोंबकळणारी झुंबरे आणि गॅसच्या नळ्या त्यांनी काढायला लावल्या. समोरच्या भिंतीवर ४ मीटर उंच, २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला आणि कडे घेऊन ते खोलीत फिरू लागले. काही ठिकाणी ठिणगी जोरदार, काही ठिकाणी अजिबात नाही. जाणारी लहर आणि पत्र्यावरून परतणारी लहर काही जागी एकमेकींना बळ देतात, काही जागी एकमेकींना पुसून टाकतात. मॅक्सवेल खरे ठरले होते.

आपल्या घरात हेच घडत असते. राउटर जवळ असूनही टेबलाच्या एका कोपऱ्यात मोबाइलला रेंज नसते आणि वीतभर सरकवला की येते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, त्यामुळे थोडेसे अंतरही पुरते. हर्ट्झ यांनी पुढे कमी लांबीच्या लहरी घेऊन लाकडी दारातून ठिणगी पलीकडच्या बंद खोलीत पोहोचवली. सहायक मधून चालत गेला की ठिणगी विझे, तो बाजूला झाला की पुन्हा उजळे. लाकूड फारसे अडवत नाही. धातू आणि पाण्याने भरलेले माणसाचे शरीर अडवते. म्हणूनच लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा माशांच्या टाकीजवळ ठेवलेला राउटर नीट चालत नाही.

१८८९ मध्ये हर्ट्झ बॉनला गेले. १८९२ च्या उन्हाळ्यात त्यांना सर्दी झाली, ती गेलीच नाही. नाक, मग घसा, मग कान. शस्त्रक्रिया झाल्या. थोडे बरे वाटे, पुन्हा दुखणे उलटे. १ जानेवारी १८९४ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली राहिल्या. आज अनेक जाणकारांचा कयास आहे की हा जीपीए, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटण्याचा आजार असावा. १९३० च्या दशकात वैद्यकाला त्याची ओळख झाली. त्यामुळे हर्ट्झ यांच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. त्यांना दिसले ते सुटे सुटे अवयव.

हे दुखणे त्यांच्या लहरींनी झाले का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तसा पुरावा नाही. रेडिओ लहरींमध्ये रेणू तोडण्याइतकी ऊर्जा नसते. मात्र आज नाकातून वारंवार रक्ताळलेल्या खपल्या येत असतील, कान दुखत असेल, अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही आराम नसेल आणि जोडीला ताप, वजन घटणे किंवा खोकल्यातून रक्त असेल, तर सगळ्या तक्रारी एकाच डॉक्टरला एकत्र सांगा. लघवीची आणि किडनीची तपासणी करून घ्या. या आजारात किडनी न दुखताच बिघडते. वेळेत निदान झाले तर आज परिणामकारक उपचार आहेत.

आणि राउटरचे? आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहा. तरीही इंटरनेट तुटत असेल तर दोष लहरींत नाही. तो बाहेरच्या लाइनमध्ये, ॲडॉप्टरमध्ये किंवा राउटरमध्येच आहे. केबलवर ठीक चालत असेल तर सगळीच उपकरणे तुटतात की एकच, कोणत्या खोलीत, किती वाजता, हे दोन दिवस लिहून ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हन लावल्यावर तुटत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा, कारण ओव्हनही २.४ च्याच आसपास चालतो. शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असेल तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे चॅनेल निवडा. राउटर उंचावर, उघड्यावर आणि घराच्या मध्यावर ठेवा. एका वेळी एकच बदल करा. सगळे एकदम बदलले आणि वायफाय सुरळीत झाले, तर नेमके कशाने झाले हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागेल.