गंगाखेडच्या जनाबाई : श्रमातून उमललेले गाणे

इतर संतांचे स्मरण बहुधा ग्रंथांच्या आधारे झाले. जनाबाईंचे मात्र शतकानुशतके जात्याच्या घरघरीत होत राहिले. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड ही त्यांची जन्मभूमी. परंपरेनुसार दमा व करुंड हे त्यांचे मातापिता. विठ्ठलभक्त, परंतु समाजाने शूद्र ठरविलेले. बालवयातच जनाबाई पंढरपुरी दामाशेटी शिंपी यांच्या घरी आल्या आणि तेथेच राबता राबता त्यांचे आयुष्य सरले. दामाशेटींचे पुत्र नामदेव (१२७०-१३५०) हेच त्यांचे गुरू झाले.

नामदेवांनी भागवतधर्माचा ध्वज पंजाबपर्यंत नेला. जनाबाईंचे जग मात्र जाते, उखळ, केरसुणी आणि शेणगोवऱ्या यांतच सामावलेले होते. या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून त्या देवाकडे गेल्या नाहीत; त्यांनी देवालाच कष्टांत ओढून आणले. त्यांच्या अभंगांतला विठ्ठल दळू लागतो, पाणी भरतो, केस विंचरतो. प्रसंगी त्या त्याच्याशी हक्काने भांडतात. ही केवळ भाबडी कल्पना मानावी काय? ज्या घरी कष्टांना वाटेकरी नव्हता, तेथे प्रत्यक्ष देवालाच वाटेकरी करणे, यात भक्ती आहे तशीच एक मूक तक्रारही आहे.

त्यांच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने टिकले. त्यांतील मूळचे किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु खेड्यापाड्यांतील निरक्षर स्त्रियांनी तो वाद कधी घातला नाही. पहाटेच्या काळोखात जात्याचा खुंटा धरताना त्यांना जनी आपल्यातलीच वाटली आणि आपल्या ओव्यांत त्यांनी तिला स्थान दिले. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जाती मुकी झाली. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या नसत्या, तर या अलिखित काव्याचा मोठा भाग कायमचा लोपला असता.

गंगाखेडला आज जनाबाईंचे मंदिर आहे. पंढरपूरजवळील गोपाळपुरात त्यांचे म्हणून जाते दाखविले जाते. भाविक तेथे हात जोडतात, ते योग्यच. परंतु संतपदाच्या तेजात त्यांचे दासीपण झाकून टाकणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. ज्या हातांनी जन्मभर दुसऱ्यांचे पीठ दळले, त्यांच्याच धनिणीने मराठीला हे गाणे दिले. घराघरांतील बिनमोल श्रमांकडे आदराने पाहण्याची दृष्टी आली, तरच जनाबाईंचे स्मरण सार्थ होईल.