गणिताचे सर र. धों.

गणिताची आपल्याला धास्ती; पण गणिताच्या एका सरांची अख्ख्या समाजालाच धास्ती होती! रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, १८९९ ला मॅट्रिकला पहिले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. विल्सन कॉलेजला ते पटेना, तेव्हा १९२५ ला सरांनी नोकरीच सोडली. १९२७ पासून पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर! केस हरले, दंड झाला, पण अंक थांबले नाहीत. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. १९५३ मध्ये सर गेले.

मूल केव्हा आणि किती, हे बाईनं ठरवायचं, हा त्यांचा आग्रह. त्या काळी जीव वाचवण्याखेरीज गर्भपात केला तर बाईलाही तुरुंग होता. कायदा बदलला १९७१ ला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित मुलींनाही विवाहितांइतकाच हक्क दिला.

तिकडे अमेरिकेत अलाबामाच्या कोर्टाने २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणालाही मूल ठरवलं. भ्रूणाला माणूस मानताना बाईचं माणूसपण विसरायचं का? राजूरहून शिकायला आलेल्या मुलीचा हक्कही याच उत्तरावर टिकून आहे. सर, तुमचं गणित अजून सुटायचंय!