घटक ४ : सिंथिया फॅरार – एका खोलीतील शाळा आणि तिची शिक्षिका

४.१ प्रास्ताविक

एकशिक्षकी शाळा ही संज्ञा आपल्या परिचयाची आहे. एक खोली, एक शिक्षक आणि निरनिराळ्या वयांची मुले, अशी तिची रचना असते. ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासाचा मोठा भाग अशाच शाळांनी व्यापलेला आहे. हा इतिहास लिहिताना इमारत, पटसंख्या आणि अनुदान यांची नोंद घेतली जाते. मात्र त्या खोलीत शिकविणारी व्यक्ती कोठून आली, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. मुलींच्या शाळांबाबत तर तोच प्रश्न सर्वांत कठीण होता. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, त्या सिंथिया फॅरार यांच्या जीवनकार्याचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत. मराठी चरित्रग्रंथांत त्यांचा उल्लेख मिस फरार असाही आढळतो.

४.२ पूर्वायुष्य

सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात मार्लबरो या गावी झाला. त्या परिसरातील खेडोपाडी शाळा म्हणजे एकच खोली असे. शेतकऱ्यांची लहानमोठी मुले एकत्र बसत आणि अनेक ठिकाणी अविवाहित तरुणी त्यांना शिकवीत. फॅरार यांनीही भारतात येण्यापूर्वी अध्यापन केले होते. स्त्रीने शाळा चालविणे ही त्यांच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हती. मराठी मुलखात मात्र ती जवळजवळ अकल्पनीय होती.

अमेरिकन मिशनचे पहिले धर्मप्रसारक १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि १८२४ मध्ये मिशनने तेथे मुलींची शाळा सुरू केली. या कामासाठी पूर्ण वेळ देणारी स्त्री हवी होती. त्यानुसार १८२७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फॅरार मुंबईत आल्या. कोणाची पत्नी म्हणून नव्हे, तर स्वतंत्र कार्यासाठी समुद्रापार पाठविल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या अमेरिकन स्त्रियांत त्यांची गणना होते. मराठी शिकून त्यांनी सुमारे दहा वर्षे मुंबईतील मुलींच्या शाळांची देखरेख केली. प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ मध्ये त्या मायदेशी परतल्या. परंतु १८३९ मध्ये पुन्हा भारतात आल्या आणि अहमदनगरला स्थायिक झाल्या.

४.३ अहमदनगरमधील कार्य

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ मध्ये स्थापन झाले होते. त्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाची ओवरी किंवा एखाद्या वाड्याची पडवी हीच शाळा. धूळपाटीवरील अक्षरे, मोडी लिपी, पाढे आणि हिशेब हा अभ्यासक्रम. तेथे प्रामुख्याने उच्चवर्णीय आणि व्यापारी घरांतील मुले शिकत. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे वाव नव्हता.

मुलींची शाळा उघडताना दोन अडचणी प्रामुख्याने उभ्या राहिल्या. पहिली अडचण बालविवाहाची होती. अक्षरओळख पक्की होते न होते तोच मुलगी सासरी जाई. दुसरी अडचण विश्वासाची होती. मिशनच्या शाळांत लेखन, वाचन, गणित आणि भूगोल यांबरोबर बायबलही शिकविले जाई. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. त्यामुळे धर्मांतराची एखादी घटना घडली की पालक मुलांना शाळेतून काढून घेत आणि भरलेली खोली रिकामी होई. पालकांच्या दृष्टीने ही भीती निराधार नव्हती, हे आपण लक्षात घ्यावयास हवे.

या दोन्ही अडचणींच्या मुळाशी तिसरी अडचण होती. साक्षर स्त्रियाच नसल्यामुळे मुलींना शिकविण्यासाठी पुरुष पंतोजींवर अवलंबून राहावे लागे. मुली शिकल्याशिवाय शिक्षिका मिळणार नव्हत्या आणि शिक्षिका मिळाल्याशिवाय मुली शाळेत टिकणार नव्हत्या. फॅरार यांच्या कार्याचे महत्त्व या ठिकाणी स्पष्ट होते. शाळा चालवितानाच त्यांनी शिकविण्याची पद्धत आत्मसात करण्याची संधी स्त्रियांना उपलब्ध करून दिली.

४.४ फुले दांपत्याशी संबंध

जोतीराव फुले यांनी मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत अहमदनगरला फॅरार यांच्या मुलींच्या शाळेस भेट दिली. तिचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन प्रशिक्षणातही फॅरार यांच्या अहमदनगरमधील संस्थेचा वाटा होता.

फुले दांपत्याने फॅरार यांचे निव्वळ अनुकरण केले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांनी शिक्षणाची पद्धत स्वीकारली; धर्मप्रसाराचा हेतू स्वीकारला नाही. त्यामुळे शाळा ही बाहेरून आलेली संस्था न राहता येथील समाजाने स्वतःसाठी उभारलेली संस्था ठरली. अहमदनगरमध्ये पालकांचा जो अविश्वास फॅरार यांना पूर्णपणे दूर करता आला नाही, त्याचे एक उत्तर पुण्यात मिळाले. अर्थात पुण्यातही विरोध झालाच. पण तो आता स्त्रीशूद्रांच्या शिक्षणाला होणारा विरोध आहे, हे लपून राहिले नाही.

४.५ अखेर आणि मूल्यमापन

अहमदनगरला सुमारे तेवीस वर्षे काम करून जानेवारी १८६२ मध्ये फॅरार यांचे तेथेच निधन झाले. पुढील दशकांत मिशनच्या शाळा जिल्ह्याच्या खेड्यांत पसरल्या. आठवडाभर शाळा भरणारी खोली अनेक ठिकाणी रविवारी प्रार्थनागृह होई. तेथे दलित समाजातील मुलांना अक्षरांची पहिली ओळख झाली.

फॅरार यांच्या अनेक शाळा अल्पायुषी ठरल्या, तरी शिकविणारी स्त्री ही कल्पना टिकली. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक असावेत आणि त्यांपैकी एक शक्यतो स्त्री असावी, असे धोरण आखले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही लहानातल्या लहान प्राथमिक शाळेसाठी दोन शिक्षकांचे प्रमाण ठरविले. भिंती आणि छप्पर यांमुळे खोली उभी राहते. तिची शाळा होते ती शिक्षकामुळे, हा या चरित्राचा आशय आजही लागू पडतो.

स्वाध्याय

१. मुलींच्या शाळांसमोरील तीन अडचणींचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
२. फुले दांपत्याने फॅरार यांच्याकडून काय स्वीकारले आणि काय नाकारले, ते लिहा.
३. आपल्या गावातील सर्वांत जुन्या शाळेच्या पहिल्या शिक्षिकेविषयी ज्येष्ठांकडून माहिती मिळवून दहा ओळींचे टिपण तयार करा.