रॉकी मार्सियानो

रॉकी मार्सियानो (जन्म: १ सप्टेंबर १९२३, ब्रॉकटन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू: ३१ ऑगस्ट १९६९, न्यूटनजवळ, आयोवा) हे अमेरिकन मुष्टियोद्धे होते. १९५२ ते १९५६ या काळात ते जागतिक हेवीवेट विजेते होते. व्यावसायिक कारकिर्दीतील सर्व ४९ लढती त्यांनी जिंकल्या. त्यांपैकी ४३ नॉकआउटने.

पूर्वायुष्य

त्यांचे मूळ नाव रोक्को फ्रान्सिस मार्केजियानो. इटलीतून आलेले त्यांचे वडील ब्रॉकटनच्या जोड्यांच्या कारखान्यात कामगार होते. दुसऱ्या महायुद्धात रॉकी सैन्यात भरती झाले व तेथेच मुष्टियुद्धाकडे वळले. १९४७ मध्ये बेसबॉल संघात स्थान मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. हौशी गटात त्यांना काही पराभव पत्करावे लागले. १९४८ मध्ये कोली वॉलेस यांनी त्यांना हरविले.

कारकीर्द

हेवीवेट गटाच्या मानाने मार्सियानो यांची उंची, वजन आणि हातांची लांबी कमी होती. प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी हा उणेपणा लपविला नाही. उलट त्यांना आणखी खाली वाकून प्रतिस्पर्ध्याच्या जवळ जाण्यास शिकविले. अफाट दमसास आणि उजव्या हाताचा जबर ठोसा ही त्यांची मुख्य बलस्थाने होती.

१९५१ मध्ये त्यांनी माजी विजेते जो लुई यांना आठव्या फेरीत नमविले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे जर्सी जो वॉलकॉट यांना तेराव्या फेरीत नॉकआउट करून त्यांनी जागतिक विजेतेपद मिळविले. पुढे सहा वेळा त्यांनी ते राखले.

अपराजित विक्रमाचे मूल्यमापन

मार्सियानो अपराजित राहिले. तथापि ते अजिंक्य होते असे त्यांच्या लढतींवरून म्हणता येत नाही. १९५० मध्ये रोलँड ला स्टार्झा यांच्याविरुद्धच्या लढतीत एका पंचाने ला स्टार्झा यांना विजयी ठरविले होते. वॉलकॉट यांनी त्यांना पहिल्याच फेरीत खाली पाडले आणि बाराव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या गुणांकनात मार्सियानो पिछाडीवर होते. सप्टेंबर १९५४ मध्ये एझार्ड चार्ल्स यांच्याशी लढताना त्यांचे नाक फाटले. रक्तस्राव थांबेना, लढत केव्हाही थांबविली जाण्याची शक्यता होती. आठव्या फेरीत त्यांनी चार्ल्स यांना बाद केले. १९५५ मधील अखेरच्या लढतीत आर्ची मूर यांनीही त्यांना दुसऱ्या फेरीत पाडले होते. ही लढत त्यांनी नवव्या फेरीत जिंकली.

त्यांचे काही मोठे प्रतिस्पर्धी उतरत्या वयाचे होते, हा या विक्रमावरील प्रमुख आक्षेप आहे. त्यांच्याशी लढताना लुई ३७, तर वॉलकॉट ३८ वर्षांचे होते. मात्र वॉलकॉट त्या वेळी विद्यमान विजेते होते.

निवृत्ती व मृत्यू

एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली व ते पुन्हा व्यावसायिक लढतीत उतरले नाहीत. १९६९ मध्ये मुहम्मद अली यांच्यासोबत त्यांनी संगणकाच्या अंदाजावर आधारित एका काल्पनिक लढतीचे चित्रीकरण केले. अमेरिकेत दाखविलेल्या आवृत्तीत मार्सियानो विजयी झाले; पण ती जानेवारी १९७० मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वीच, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात त्यांचे निधन झाले होते.

वारसा

१९८५ मध्ये सलग ४८ लढती जिंकलेले लॅरी होम्स ४९ व्या लढतीत मायकेल स्पिंक्स यांच्याकडून हरल्याने या विक्रमाची बरोबरी हुकली. १९९० मध्ये मार्सियानो यांचा आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.