तीन वटवट्यांचा पाद्री

हॅम्पशायरच्या सेल्बोर्न गावी गेलात तर गिल्बर्ट व्हाइटचं घर जरूर बघा. १७२० मध्ये या गावात जन्मलेला हा पाद्री १७९३ मध्ये इथेच वारला. हिरवट-पिवळे, किडे टिपणारे चिमुकले वटवटे तेव्हा बहुतेकांना एकाच जातीचे वाटत. व्हाइटने आधी कान लावला: एक दोनच सूर घोकतो, दुसऱ्याची लकेर उतरत जाते, तिसरा बीच वृक्षाच्या शेंड्यावरून थरथरतो. मग पक्षी मारून (खटकतं, पण तेव्हा आजच्यासारख्या पक्षीनिरीक्षणाच्या दुर्बिणी कुठल्या!) पायांचा रंग, पिसं ताडून पाहिली. आमच्या डीबगिंगसारखंच! १७६८ मध्ये त्याने तीन जाती पत्रातून मांडल्या; पत्रांचं पुस्तक १७८९ चं. सह्याद्रीत हिवाळी पाहुणे येणारे पर्ण वटवटे या तिघांचेच भाऊबंद.