सय्यद अब्दुल रहीम: शाळेतल्या मास्तरांनी देशाला दोनदा सोनं जिंकून दिलं

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्यापैकी किती जणांना सय्यद अब्दुल रहीम हे नाव माहीत होतं? २०२४ च्या ईदला ‘मैदान’ हा सिनेमा आला, अजय देवगणने त्यांची भूमिका केली आणि मग घराघरात विचारणा सुरू झाली की हे रहीम साहेब नेमके कोण. सिनेमा हा सिनेमाच असतो. त्यात थोडं मीठ-मसाला येणारच. म्हणून आज आपण त्यांचं खरं आयुष्य थोडक्यात पाहू. त्यात मसाला घालायची गरजच नाही.

भारताच्या फुटबॉल टीमने एशियन गेम्समध्ये आजवर दोनदाच सुवर्णपदक जिंकलंय. एकदा १९५१ मध्ये दिल्लीत आणि दुसऱ्यांदा १९६२ मध्ये जकार्तात. दोन्ही वेळा कोच होते रहीम साहेब. त्यानंतर साठ वर्षं उलटून गेली, तिसरं सोनं अजून आलेलं नाही.

उस्मानियाचा विद्यार्थी, शाळेचा शिक्षक

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झालं. मराठवाड्यातल्या आपल्या वाचकांना उस्मानियाबद्दल वेगळं सांगायला नको. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे सगळे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते, आणि इथल्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा शिकायला तिकडेच जायचे. उच्च शिक्षण उर्दूतून देणारं ते विद्यापीठ. रहीम साहेब तिथे शिकले आणि तिथल्याच टीमकडून फुटबॉलही खेळले.

पदवी घेऊन ते शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांमध्ये त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतला आणि खेळाचे तास त्यांच्याकडे आले. आपल्याकडे पी.टी.च्या सरांकडे लोक कसं बघतात हे आपल्याला माहीत आहे. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी पी.टी.च्या तासाचाच जातो. पण रहीम साहेबांनी त्याच तासाला आपली प्रयोगशाळा केलं.

त्यांची शिकवायची पद्धत पाहिली की लक्षात येतं की हा माणूस आधी शिक्षक होता, कोच नंतर. मुलांना फक्त पळवत ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. आपल्याकडचा खेळाडू चेंडू पायात घेतला की सोडत नाही, चार जणांना चकवत बसतो, हे त्यांनी हेरलं होतं. म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या जिथे ड्रिब्लिंगलाच बंदी. चेंडू आला की पुढे द्यायचा, बस्स. दुसरी गोष्ट, उजव्या पायाने खेळणाऱ्याचा डावा पाय नुसता शोभेचा असतो. म्हणून फक्त कमजोर पायाने खेळायच्या मॅचेस. साधन काहीच लागत नाही, खर्च शून्य. फक्त डोकं लागतं आणि मुलांवर मेहनत घ्यायची तयारी.

सिटी पोलीस आणि आपली मुंबई

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि शेवटपर्यंत ते काम त्यांनी सांभाळलं. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमची सूत्रं त्यांच्या हाती आली.

हा काळही लक्षात घ्यायला हवा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि हैदराबाद भारतात आलं. तिथल्या आणि मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांसाठी ती वर्षं फार अवघड गेली. आता आपलं पुढे काय, हा प्रश्न घरोघरी होता. अशा दिवसांत एका शाळामास्तराने आणि पोलिसांच्या एका टीमने हैदराबादचं नाव देशभर गाजवायला सुरुवात केली.

आणि कुठे गाजवलं? आपल्या मुंबईत. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा. १८९१ पासूनची ही स्पर्धा, आधी गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी. १९३७ आणि १९३८ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने आणि १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने तिच्यावर नाव कोरलं होतं. पण रहीम साहेबांच्या पोलीस टीमने जे केलं ते त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. १९५० ते १९५४, लागोपाठ पाच वर्षं त्यांनी रोव्हर्स कप हैदराबादला नेला! १९५० च्या ड्युरंड कपमध्ये तर मोहन बागानसारख्या बलाढ्य क्लबला हरवलं. पुढे आणखी ड्युरंड, आणखी रोव्हर्स. संतोष ट्रॉफीही हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोनदा जिंकली.

ही टीम श्रीमंत नव्हती. नोकरी सांभाळून खेळणारी साध्या घरांतली पोरं होती. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम हा त्यातलाच एक गरीब घरातला मुलगा. लांबून सरावाला यायला त्याच्याकडे साधन नव्हतं, तर सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम साहेबांनी दिले. तोच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि भारताच्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक ठरला. टीममध्ये मुस्लिम, हिंदू, ख्रिश्चन सगळेच होते. रहीम साहेब बघायचे ते फक्त खेळ आणि शिस्त.

अनवाणी पाय आणि दहा गोल

मार्च १९५१ मध्ये पहिले एशियन गेम्स दिल्लीत झाले. भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० हरवलं आणि फायनलला इराणला १-० ने. गोल मेवालालचा, कॅप्टन सैलेन मन्ना. रहीम साहेबांचं पहिलं सोनं.

पण पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं धुतलं. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे. ती आपली सवयही होती आणि थोडा अभिमानही. त्या थंड हवेत, बूट घातलेल्या तगड्या खेळाडूंसमोर त्याचा काही उपयोग झाला नाही. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले.

दहा गोल खाल्ल्यावर नशिबाला किंवा हवामानाला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. रहीम साहेबांनी तसं केलं नाही. ते अभ्यासाला लागले. तेव्हा युरोपात हंगेरीची टीम सगळ्यांना चकित करत होती. तिचा खेळ त्यांनी बारकाईने समजून घेतला, सेंटर फॉरवर्डला थोडं मागे खेळवून समोरच्या बचावाला गोंधळात टाकण्याची चाल आपल्या पोरांना शिकवली, छोटे आणि झटपट पास देण्यावर भर दिला. पन्नाशीच्या दशकात, जेव्हा टीव्ही नव्हता आणि परदेशी मॅच बघायची सोय नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

मेलबर्नचं चौथं स्थान

चार वर्षांनी त्याचं फळ मिळालं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. गोव्याचं रक्त आणि मुंबईच्या टाटा क्लबचा हा खेळाडू ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. सेमीफायनलला पुन्हा तीच युगोस्लाव्हियाची टीम समोर. पहिला गोल भारताने केला, नेव्हिलनेच. शेवटी ४-१ ने हार झाली, ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियानेही हरवलं, आणि भारत चौथा आला. पण ऑलिंपिक फुटबॉलच्या सेमीफायनलपर्यंत पोचणारा भारत हा आशियातला पहिला देश होता. दहा गोलांवरून चौथ्या स्थानावर, अवघ्या चार वर्षांत. त्या टीममध्ये अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे रहीम साहेबांच्या हैदराबादचे बरेच चेहरे होते.

१९६० ला रोम ऑलिंपिकमध्ये गट कठीण मिळाला. हंगेरीकडून १-२ अशी निसटती हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३ हार. पहिल्या फेरीतच परत यावं लागलं, पण युरोपातल्या मोठ्या टीमना घाम फोडून. त्या टीममध्ये रहीम साहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. हकीम साहेब पुढे फिफाचे रेफ्री झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

जकार्ता: आजार अंगात, लक्ष मैदानात

आता शेवटचा टप्पा. रहीम साहेबांना सिगारेटची सवय होती, तीही भारी. फुप्फुसाच्या कॅन्सरने त्यांना गाठलं होतं. अशा अवस्थेत ते १९६२ च्या एशियन गेम्ससाठी टीम घेऊन जकार्ताला गेले.

तिथलं वातावरण भारताच्या विरोधात होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, त्यावर भारतीय क्रीडा अधिकारी गुरू दत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि लोक भडकले. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. खेळाडूंना बसवरचा झेंडा काढून प्रवास करावा लागला असं सांगतात.

मैदानातही सुरुवात वाईटच. पहिल्या मॅचमध्ये दक्षिण कोरियाने २-० ने हरवलं. मग थायलंडवर ४-१ विजय मिळाला, पण डिफेंडर जर्नैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानला २-० ने हरवून टीम सेमीफायनलला आली. आता करायचं काय? जर्नैलला बसवलं तर टीम दुबळी होणार, मागे खेळवलं तर जखमेचा धोका. रहीम साहेबांनी त्याला सरळ सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे उभं केलं. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नैलने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि भारत ३-२ ने जिंकला.

४ सप्टेंबर १९६२. फायनलला पुन्हा दक्षिण कोरिया. आदल्या रात्री रहीम साहेबांनी खेळाडूंना जमवून एकच गोष्ट मागितली, की उद्या मला सोन्याची भेट द्या. दुसऱ्या दिवशी खच्चून भरलेल्या सेनायन स्टेडियममध्ये सुमारे एक लाख लोक भारताची हुर्यो करत होते. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे मोजकेच होते, आणि त्यात पाकिस्तानच्या हॉकी टीमचे खेळाडू होते असं त्या टीमचे लोक पुढे सांगत राहिले.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नैलचा. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये भिंतीसारखा उभा राहिला. कॅप्टन चुनी गोस्वामी, बलराम, युसूफ खान, गोव्याचा आणि टाटा क्लबचा फ्रँको, सगळे जीव तोडून खेळले. शेवटच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल केला, पण तेवढंच. भारत २-१ ने विजयी.

त्यानंतर रहीम साहेब फार दिवस राहिले नाहीत. ११ जून १९६३ रोजी, जकार्ताच्या विजयाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. वय अवघं त्रेपन्न.

आपल्यासाठी काय?

एवढं करूनही कित्येक वर्षं हे नाव हैदराबाद आणि फुटबॉलच्या जुन्या लोकांपुरतंच राहिलं. सिनेमा आला म्हणून आठवण निघाली, ठीक आहे. पण आठवण म्हणजे फक्त पोस्टर शेअर करणं नव्हे.

आम्हाला त्यांच्या आयुष्यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, हरल्यावर रडायचं नाही, शिकायचं. हेलसिंकी ते मेलबर्न हा प्रवास दहावी-बारावीत कमी मार्क पडलेल्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या अब्बू-अम्मींना सांगायला हवा. दुसरी, तंबाखू. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या शरीरांना एवढं घडवलं, त्याचं स्वतःचं शरीर सिगारेटने संपवलं. गल्लीच्या नाक्यावर धूर काढणाऱ्या पोरांना हेही सांगा.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्या वस्त्यांमधल्या उर्दू आणि मराठी शाळांत मैदानं आधीच कमी, त्यात खेळाचा तास म्हणजे रिकामा तास. पालक-सभेत आपण गणित-इंग्रजीबद्दल विचारतो, पण मुलं-मुली खेळतात का, सर-मॅडम त्यांना काय शिकवतात, हे विचारतच नाही. पुढच्या सभेला जाल तेव्हा एकदा विचारून बघा. रहीम साहेबांकडे अकादमी नव्हती, परदेशी कोच नव्हते. शाळेचं एक मैदान होतं, एक चेंडू होता आणि रोज वेळेवर हजर राहणारा एक मास्तर होता.

अल्लाह त्यांची मग़फ़िरत करो.