जॉन फील्डिंग

सर जॉन फील्डिंग (१७२१ – ४ सप्टेंबर १७८०) हे अठराव्या शतकातील लंडनचे ख्यातनाम दंडाधिकारी होते. कायद्याचे औपचारिक शिक्षण नसलेल्या आणि पूर्णतः अंध असलेल्या फील्डिंग यांनी बो स्ट्रीट येथील न्यायासन सुमारे २६ वर्षे सांभाळले. कादंबरीकार हेन्री फील्डिंग हे त्यांचे सावत्र बंधू होत.

पूर्वायुष्य व प्रशिक्षण

जॉन तरुणपणी नौदलात होते. वयाच्या १९व्या वर्षी अपघातानंतर त्यांची दृष्टी गेली. बंधू हेन्री हे बॅरिस्टर व बो स्ट्रीटचे दंडाधिकारी होते. त्या काळी अशा दंडाधिकाऱ्यांसाठी ठरावीक प्रशिक्षण नसे. जॉन यांनी भावाकडूनच कायद्याचे ज्ञान मिळवले आणि त्यांचे साहाय्यक म्हणून काम करताना अनुभव घेतला.

नेमणूक

‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदावरील नेमणुका राजाच्या नावाने निघणाऱ्या सनदेद्वारे होत. परगण्यांमध्ये त्यासाठी कायद्याच्या पदवीची नव्हे, तर वार्षिक १०० पौंड उत्पन्नाच्या स्थावर मालमत्तेची अट होती. पद अवैतनिक असल्याने लंडनमधील काही दंडाधिकारी पक्षकारांकडून मिळणाऱ्या शुल्कावर उपजीविका करीत. तंटे वाढण्यातच त्यांचा लाभ असे. फील्डिंग बंधूंनी ही प्रथा मोडण्याचा प्रयत्न केला. १७५४ मध्ये हेन्री यांच्यानंतर जॉन बो स्ट्रीटचे प्रमुख दंडाधिकारी झाले.

कार्य

किरकोळ गुन्ह्यांचा निकाल देणे आणि गंभीर गुन्ह्यांत साक्षी नोंदवून आरोपीस ज्यूरीपुढील खटल्यासाठी पाठवणे, हे दंडाधिकाऱ्याचे मुख्य काम होते. फील्डिंग यांनी त्यास गुन्हेतपासाची जोड दिली. हेन्री यांनी उभारलेले ‘बो स्ट्रीट रनर्स’ हे पथक त्यांनी स्थिर केले. १७६३ मध्ये महामार्गांवरील लुटारूंविरुद्ध घोडेस्वारांची गस्त सुरू झाली. मात्र सरकारी अनुदान थांबल्यावर ती बंद पडली. फरारी गुन्हेगारांची वर्णने छापून देशभरातील दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची योजना त्यांनी १७७२ मध्ये आखली. केवळ आवाजावरून ते हजारो गुन्हेगारांना ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. निराधार मुलींसाठी लंडनमध्ये आश्रयगृह स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १७६१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

अखेर व वारसा

जून १७८० मधील गॉर्डन दंगलीत जमावाने बो स्ट्रीट येथील त्यांच्या कार्यालयाची नासधूस केली. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. १७९२ च्या कायद्याने लंडनमध्ये सात नवी कार्यालये स्थापन होऊन तेथे सवेतन दंडाधिकारी नेमण्यात आले. इंग्लंडच्या उर्वरित भागात मात्र अवैतनिक दंडाधिकाऱ्यांची परंपरा कायम राहिली.